नूरबीच्या घराची आखणी

जालन्याहून बदनापूरकडं निघालं की गाव यायच्या जरा अलीकडं रस्त्याला लागून एक कमान दिसते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'जी. एस. होम्स'. आत गेलं की घरांच्या रांगाच रांगा. नव्यानं येणाऱ्याला वाटतं, पुण्या-मुंबईची कुठली तरी बडी कंपनी असणार. कसली बडी अन् कसलं पुणं! जी म्हणजे गोपीकिशन, बदनापूर स्टेशनाजवळचा लोखंड-सिमेंटवाला, अन् एस म्हणजे सिराजोद्दीन, टेंभुर्णीचा गवंडी. दोघं भागीदार. त्यांची नावं कमानीवर चढली, ठीकच झालं, राबले बिचारे. पण जिच्यामुळं ही कंपनी चालायला लागली तिचं अक्षर तिथं न्हाई, अन् तिला त्याचं काही वाटतही न्हाई. ती म्हणजे नूरबी, सिराज मिस्तरीची बायको.

नूरबी मूळची वाटूरची. अंगानं ठेंगणी, चालायला भरभर अन् बोलायला फटकळ. लग्न होऊन टेंभुर्णीला आली तेव्हा सासूनं विचारलं, "काय काय येतं तुला?" तर म्हणे, "सगळं येतं, फक्त गप बसता येत न्हाई." सासू हसली म्हणून निभावलं. पुढं कामाच्या शोधात सिराज बदनापूरला आला, मागोमाग तीही आली. नवरा-बायको घरात आपली दखनी बोलायचे अन् बाहेर मराठी. इथं आपण सगळं मराठीतच सांगू, न्हाईतर गोष्ट लांबायची.

गोपीकिशन तेव्हा जालन्याच्या मोठ्या कुटुंबातून नुकताच वेगळा निघाला होता. त्यानं बदनापुरात दुकान टाकलं, दुकानामागची जागा घेतली अन् घर बांधायचं काम सिराजला दिलं. नकाशा जालन्याहून काढून आणला. घरच्या बाईनं बघावा म्हणून बायकोपुढं, धापूबाईपुढं, तो पसरला. धापूबाई नाकापर्यंत पदर ओढून उभी. प्रत्येक रेघेला मान हलवून राह्यली होती. "हे सैपाकघर." "हो जी." "हा जिना." "हो जी." सिराजचा डबा घेऊन आलेली नूरबी बाजूला उभी राहून बघत होती. तिला एका नजरेत कळलं, या बाईला यातलं ओ की ठो समजलेलं न्हाई. कळणार कसं? नकाशा नूरबीलाही कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आखणी होती. खुंट्या ठोकल्या, सूत ताणलं अन् सिराजनं सुताच्या कडंनं पांढऱ्या चुन्याची फक्की मारली. मोकळ्या जमिनीवर सगळं घर रेघांनी उमटलं. गोपीकिशननं नारळ फोडला, अन् पुरुषमाणसं चहाला वळली. तसा नूरबीनं धापूबाईचा हात धरला. "चला भाभी, घर बघून येऊ." धापूबाई आपली सरळ रेघ ओलांडून निघाली. नूरबी ओरडली, "अवो, भिंतीतून कुठं चालल्या? दार तिकडं हाय!" दोघी पोट धरधरून हसल्या. मंग दारातून आत गेल्या, बैठकीतून सैपाकघरात गेल्या. नूरबी म्हणाली, "बसा. फुलके लाटा." धापूबाई मातीत बसली अन् हवेतच फुलके लाटायला लागली. दोन लाटले अन् तिचा हात थांबला. म्हणाली, "नूरबी, जालन्याहून सासरे आले की बाहेर बैठकीत बसणार. त्यांची नजर थेट माझ्यावर. मी घूंघट सांभाळू का फुलका?"

नूरबीनं तिथूनच नवऱ्याला हाक मारली. सिराज चहाचा कप हातात घेऊनच आला अन् ऐकून वैतागला. "नकाशा पक्का झालाय. आता दार कुठं हलवू?" "नकाशाला फुलके लाटायचे हायत का?" नूरबी म्हणाली. सिराजनं शेठकडं बघितलं. गोपीकिशन माणूस मोठा समजदार. म्हणाला, "मिस्तरी, दिवसभर ती राहणार त्या घरात. मी तर दुकानात." झालं. सिराजनं पायानं दाराची खूण पुसली अन् बाजूच्या भिंतीला दुसरी केली.

ते घर उभं राहिलं अन् धापूबाईनं जालन्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना सांगितलं की आमच्या मिस्तरीची बायको अगोदर घरात फिरवून आणते, मंगच पाया खोदतात. लोक गंमत म्हणून यायला लागले. मंग हीच रीत पडून गेली. सिराजचं काम म्हणजे आखणीच्या दिवशी सगळं घरदार हजर पाहिजे, म्हातारी, सुना, लेकरं, झाडून सगळी. नूरबी दारात उभी. "या. चपला इथं काढा. आता झोपा बरं." एकदा एका मास्तरांना तिनं बेडरूममध्ये झोपवलं, तर मास्तरांचे पाय भिंतीच्या बाहेर! पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर झोपल्या झोपल्याच म्हणाले, "वाढवा." कुणाला देवघरापुढं माणसं मावत नव्हती, कुणाला नमाजाला जागा मोकळी पाहिजे होती. सासवा-सुना तर फक्कीवरच भांडायच्या. नूरबी मधी पडायची न्हाई. "भांडा, मनसोक्त भांडा," ती म्हणायची. "आत्ता पायानं पुसता येतं. भिंत झाल्यावर माझ्या दारी येऊ नका."

लोकांना हे पटलं. एका घराची दोन झाली, दोनाची दहा झाली. सिराजकडं आधी दोन बिगारी होते, मंग टोळी झाली, मंग टोळ्या झाल्या. माल शेठचा अन् काम मिस्तरीचं, असं चालता चालता एक दिवस दोघांनी मिळून कंपनीच काढली. स्टेशनाजवळ जुळी घरं बांधली, जालन्यात अपार्टमेंट बांधलं. मिस्तरीचा इमरान अन् शेठचा अंकित, दोघं बरोबर शिकले, बरोबर इंजिनियर झाले अन् काचेच्या ऑफिसात समोरासमोर बसायला लागले. एवढ्या वर्षांत या दोन घरांत कधी वाजलं न्हाई, असं लोक सांगतात. वाजलं होतं की! पण दर वेळी धापूबाई अन् नूरबी एकमेकींच्या सैपाकघरात जाऊन बसायच्या, अन् बायका परत येईपर्यंत पुरुषांचा राग उतरून जायचा.

या सगळ्यात नूरबी कुठं राहत होती, म्हणाल तर भाड्याच्या घरात. हसू नका, खरंच सांगतो. आधी तेलाच्या घाण्यामागं एक खोली होती. मंग पिठाच्या गिरणीच्या वर राहिली. तिथं गिरणी सुरू झाली की कपबशा आपोआप कडेला यायच्या. मंग एक घर मिळालं, त्यात सैपाकाचा ओटा बोळीत. दर नव्या कामात सिराज एक प्लॉट आपल्याला म्हणून धरून ठेवायचा, अन् नेमकं कुणीतरी गरजू गिऱ्हाईक यायचं. त्याला तोच प्लॉट पाहिजे असायचा. सिराजचा स्वभाव मऊ, देऊन टाकायचा. घरी येऊन म्हणायचा, "पुढच्या बारीला, नूर. बिलकुल." नूरबी म्हणायची, "हौ, बिलकुल." अन् भाजीला फोडणी द्यायची. ती रडली न्हाई, कुढली न्हाई, उलट गिरणीवरच्या घराच्या गमती सांगून लोकांना हसवायची. पण जगाच्या बायकांना रेघांमधून फिरवताना तिला मनातून एकच वाटायचं, की एक दिवस आपल्या घराची फक्की पडावी अन् आपण तिच्या दारातून आत शिरावं. हे तिनं फक्त धापूबाईला सांगितलं होतं.

मंग आली ही कमानीतली मोठी कॉलनी. अंकितनं ऑफिसात एक चष्मा आणला. डोळ्यावर चढवला की न बांधलेलं घर समोर दिसतं, मान फिरवली की खोली फिरते. पहिल्यांदा धापूबाईच्या डोळ्यावर चढवला तर ती भिंतीला धरून, "अगं बाई, जिना आला, जिना आला! मला धरा!" नूरबीला मात्र चष्मा लई आवडला. तिनं सगळी कपाटं उघडून बघितली, अन् ओटा पुसायला हात फिरवला तो अंकितच्या पोटावर बसला. पुण्याला नोकरी करणाऱ्या बदनापूरच्या पोरांनी तिकडंच बसून घरं बघितली अन् बुक केली. फक्कीतलं फिरणं हळूहळू बंद झालं. नूरबीला त्याचं वाईट वाटलं न्हाई. तिचे गुडघे दुखत होते, अन् लोकांची सोय झाली तर झाली.

याच काळात सिराजचं बांधकामाच्या परांचीवर चढणं डॉक्टरनं बंद केलं. दिवसभर खुर्चीत बसून माणसाच्या मनात काय काय येतं. त्याच्या मनात आलं, जिल्हाभर घरं वाटली अन् नूर अजून बोळीत सैपाक करून राह्यली. त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं पुढच्या रांगेतलं सगळ्यात देखणं घर बाजूला काढलं अन् सगळ्यांना तंबी दिली, नूरला कळता कामा नये. "जन्मभर तिनं दुसऱ्यांची घरं उभी केली. आता तिनं बोटसुद्धा लावायचं न्हाई. थेट चावी हातात." इमरान दबकत म्हणाला, "अब्बा, अम्मीला एकदा विचारून..." "विचारलं तर मजा काय राह्यली?" गोपीकिशनही तेच बोलला, अन् त्यालाही तेच उत्तर मिळालं. सगळ्यात हाल झाले धापूबाईचे. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. नूरबीसमोर गेलं की तोंडातून निघणार, या भीतीनं ती महिनाभर नूरबीकडं फिरकलीच न्हाई. नूरबीला वाटलं, आपलं काही चुकलं का काय.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जमले. दाराला लाल फीत, पेढ्यांचे बॉक्स, टोळ्यांमधले जुने गवंडी-बिगारी नवे कपडे घालून आलेले. सिराजनं चावी बायकोच्या हातात ठेवली. "हे कुणाचं?" नूरबीनं विचारलं. "तुझं," तो म्हणाला. नूरबीचे डोळे वाहायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खरोखर आनंदली होती, हे कुणीही शपथेवर सांगेल.

मंग ती आत गेली. छतात लपवलेले दिवे, चकचकीत फरशी, गुबगुबीत सोफा. ती नेहमीसारखी एकेका खोलीत गेली अन् मागून सगळी वरात. सैपाकघरात ओट्याजवळ उभी राहिली तर ओटा तिच्या छातीला लागला. मागचं दार शोधलं तर तिथं भिंत. ती परत बाहेरच्या खोलीत आली अन् सोफ्याच्या अगदी कडंला बसली, पाव्हण्या बसतात तशी. सिराज हसत हसत विचारत होता, "काय मंग? कसंय?"

"घर चांगलंय," ती म्हणाली. "ज्याला देताल तो दुआ देईल. साजियाला द्या. सून माझी उंच हाय, तिला ओटा बराबर येईल."

सगळे गार पडले. हातातला पेढा कुणी तोंडात घालीना.

"अन् तू?" सिराज म्हणाला.

"मी इथं पाव्हणी."

आता सांगा, असं कुणी करतं का? भरल्या घरात, चार लोकांत! सिराज ताडकन उठला. "काय कमी केलं मी? काय चुकलं, ते तरी सांग!" नूरबी पण उभी राहिली. ती मोठ्यानं बोलली न्हाई, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दुनियेच्या बायकांना विचारलं, इमरानचे अब्बा. मास्तरांच्या पायापर्यंत विचारलं. मला तेवढं विचारलं न्हाई." सिराज चपला घालून निघून गेला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ती वाढायची, तो जेवायचा, अन् भांड्यांचा तेवढा आवाज. धापूबाई तावातावानं आली. "नूरबी, काही लाज? त्यानं हौसेनं ताट वाढलं अन् तू पाय लावून उठलीस!" नूरबी भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "कळतंय मला, भाभी. तोंड आवरत न्हाई, जन्माची खोड. पण आता मला भ्याव वाटून राह्यलं. घर गेलं तर जाऊ द्या, भाड्यात काय मेले न्हाई. पण आता हा माणूस मला पुन्हा कधी काही द्यायचा न्हाई." असं म्हणून ती पदरात तोंड घालून रडली. धापूबाईनं तिला भांडायचं सोडून जवळ घेतलं. घरी जाऊन ती नवऱ्याशी काय बोलली अन् नवरा सिराजशी काय बोलला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

एका सकाळी सिराजनं स्कूटर दारात उभी केली अन् आत न बघताच म्हणाला, "चल." कुठं, कशाला, काही न्हाई. नूरबी चपला अडकवून मागं बसली. कॉलनीच्या पार टोकाला एक वाकडातिकडा प्लॉट राहिला होता, नकाशात कुठं बसत न्हाई म्हणून कुणी न घेतलेला. तिथं गोपीकिशन शेठ छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेला, शेजारी धापूबाई. खुंट्या होत्या, सूत होतं, फक्कीची गोणी होती. सिराजनं डॉक्टरला न विचारता ओंजळभर फक्की उचलली अन् वाकून उभा राहिला. अजून घुश्श्यातच होता.

"बोल," तो म्हणाला.

नूरबीनं पदर हातात घेतला. धापूबाईला वाटलं, ही आता पुन्हा रडते. पण कसली रडते! एकदा सुरू झाली ती थांबेना. सैपाकघर इथं, बोळीत न्हाई. ओटा एवढाच, माझ्या कमरेला. मागचं दार मोठं, बाहेर बसायला ओटा, बायका आल्या की बैठकीतून यायचं न्हाई, सरळ इथून. नमाजाची जागा उजेडात. झोपायची खोली लहानच बरी, झोपताना कोण बघतं. बैठक मात्र मोठी, इमरानची पोरं धुडगूस घालतात. सिराज मुकाट्यानं रेघा ओढत होता. एकदा फक्त म्हणाला, "पाण्याची टाकी?" "ते तुम्ही बघा, त्यात मला काय कळतं?" त्याच्या मिशीत जरासं हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

सगळं झालं तेव्हा नूरबी दारात जाऊन उभी राहिली. "या," ती म्हणाली. मिस्तरीनं चपला काढल्या अन् दारातून आत आला. बैठकीत गेला, झोपायच्या खोलीत डोकावला, सैपाकघराच्या दाराशी थांबला. चारी बाजूंना बघितलं. मंग म्हणाला, "नूर, यात माझं कुठंय?"

"काय तुमचं?"

"मी कुठं बसू?"

नूरबीनं रेघांवर नजर फिरवली. खरंच की. पोरांना, नातवांना, धापूबाईला, शेजारणींना, सगळ्यांना जागा झाली होती. या माणसाचीच राहिली होती. "तुम्ही कधी बसले का घरात?" ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण आवाज तसाच निघाला. "सकाळी साइटवर गेले, रात्री जेवून झोपले. मला काय ठाऊक, तुम्हाला कुठं बसायला आवडतं? तुम्ही सांगा."

सिराज सांगायला गेला अन् त्याला सांगता येईना. हजार लोकांना घरांत बसवणारा माणूस, पण आपण घरात कुठं बसतो हे त्याला माहीतच नव्हतं. तो बैठकीत जाऊन बसला. थोडा वेळ टिकला. "इथं न्हाई. इथं गिऱ्हाईक आल्यासारखं वाटतंय." पुढच्या दाराशी बसला. "इथनं साइट दिसून राह्यली. मी उठून जाईन." खिडकीपाशी बसला, उठला. छत्रीखालून गोपीकिशन म्हणाला, "मिस्तरी, दुकानात येऊन बस की!" "गप बसा हो," धापूबाईनं त्याला दामटलं.

मंग सिराज सैपाकघरात गेला अन् मधोमध मांडी घालून बसला.

"इथं," तो म्हणाला.

"तिथं गॅस येतो."

तो सरकला. "इथं?"

"तिथं मी उभी राहते."

तो आणखी सरकला, अगदी भिंतीच्या रेघेपर्यंत. "अन् इथं?" त्याच्या कपड्यांना मागून फक्की लागली, रेघ फिसकटली. तो लेकरासारखा वर बघत होता. नूरबीला वाटलं, इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आपल्याला काहीतरी मागून राह्यलाय. तिला हसू आलं अन् रडूही आलं. तिनं गोणीतून मूठभर फक्की घेतली, त्याच्या पाठीमागची रेघ पायानं पुसली अन् चांगली दोन हात मागं नवी ओढली.

"बसा आता ऐसपैस."

"भाभी," शेठ ओरडला, "तिकडून बैठकीची जागा जाती ना!"

"जाऊ द्या," नूरबी म्हणाली, अन् गुडघ्यावर हात टेकत टेकत नवऱ्याच्या शेजारी खाली बसली.